स्वतंत्र पक्षाची बाजू

'स्वतंत्र पक्ष म्हणजे संस्थानिक, जमीनदार आणि गिरणीमालक यांचा पक्ष' हे वाक्य आमच्या पिढीच्या कानांवर इतक्या लहानपणी पडले, की ते कितपत खरे आहे याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातच आले नाही. पंडित नेहरूंनी या पक्षाची संभावना सरंजामी युगात रमणारा पक्ष अशी केली, डाव्यांनी तीच री ओढली, आणि आपल्या मराठी सुशिक्षित वर्गाने, ज्याला पुरोगामी म्हणवून घेण्याची हौस मोठी, ती मुकाट्याने मान्य केली. १९७४ साली पक्ष विलीन होऊन नाहीसा झाला, तेव्हा मृताविषयी बरे बोलण्याचा शिष्टाचारही फारसा कोणी पाळला नाही.

आम्ही या लेखात त्या पक्षाची बाजू घेणार आहोत. पन्नास वर्षांपूर्वी बंद झालेल्या दुकानाची पाटी पुसून काढण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, त्या पक्षाने उभा केलेला प्रश्न आज बडोद्यात आपल्या वाड्यांच्या उंबऱ्यापाशी येऊन ठेपला आहे, आणि तो प्रश्न त्याच भाषेत मांडणारा पक्ष आज या देशात प्रामाणिकपणे स्थापन करणेच कायद्याने अशक्य करून ठेवले आहे. ज्यांना हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला. शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनी एकत्र कराव्यात आणि त्या सामुदायिक रीतीने कसाव्यात, असा त्याचा आशय होता. मालकी कागदोपत्री शेतकऱ्याकडेच राहणार होती. परंतु बांध मोडल्यावर कागदावरची मालकी किती दिवस टिकते, हे ज्याने सात-बाराच्या उताऱ्यावर आयुष्य काढले आहे त्याला सांगावे लागत नाही. या ठरावाला विरोध म्हणून त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास येथे नव्या पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत त्याचे पहिले अधिवेशन भरले. स्थापनेच्या वेळी राजाजींचे वय ऐंशी वर्षांचे होते. देशाचे पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल, मद्रासचे मुख्यमंत्री, गांधीजींचे व्याही. मिळवण्यासारखे काही शिल्लक न राहिलेल्या माणसाने त्या वयात सत्ताधाऱ्यांचे वैर विकत घ्यावे, यातच त्या पक्षाच्या गांभीर्याची साक्ष आहे. त्यांच्यासोबत शेतकऱ्यांचे नेते प्रा. रंगा होते, कन्हैयालाल मुनशी होते, आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत असलेले मिनू मसानीही होते. समाजवाद आतून पाहून बाहेर पडलेला माणूस त्याच्यावर टीका करतो तेव्हा ती ऐकून घेण्याजोगी असते.

या पक्षाने आपली भूमिका एकवीस तत्त्वांत मांडली. त्यांचे सार सांगायचे तर असे: नागरिकाचे स्वातंत्र्य हा नियम, सरकारचे नियंत्रण हा अपवाद, आणि अपवाद करू पाहणाऱ्या सरकारने त्याची गरज सिद्ध केली पाहिजे. शेतकऱ्याची जमीन त्याची, कारागिराचे दुकान त्याचे, आणि त्यांच्या कष्टाची किंमत ठरवण्याचा अधिकार कचेरीतल्या टेबलाला नाही. 'परमिट, लायसन्स, कोटा यांचे राज्य' हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्दप्रयोग राजाजींचा. आम्हांला मात्र त्या एकवीस तत्त्वांतले शेवटचे तत्त्व सर्वांत मोलाचे वाटते. मूलभूत तत्त्वांच्या कक्षेबाहेरच्या प्रत्येक प्रश्नावर पक्षाचा सभासद आपल्या मताप्रमाणे बोलण्यास आणि मत देण्यास मोकळा राहील, असे ते तत्त्व होते. राजाजी दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते आणि मसानी तिचे विरोधक. दोघेही एकाच व्यासपीठावर बसत, आणि त्यामुळे पक्ष फुटला नाही. गुजरातेतल्या वाचकांस या उदाहरणाची गोडी वेगळी सांगायला नको.

आता बडोद्याकडे वळू. १९५७ आणि १९६२ या दोन्ही निवडणुकांत बडोद्याने फत्तेसिंहराव महाराजांना काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पाठवले. १९६७ साली मात्र येथून स्वतंत्र पक्षाचे पशाभाई पटेल निवडून आले. त्या वर्षी गुजरातेतल्या चोवीस लोकसभा जागांपैकी बारा स्वतंत्र पक्षाने आणि अकरा काँग्रेसने जिंकल्या. विधानसभेत १६८ पैकी ६६ जागा मिळवून हा पक्ष प्रमुख विरोधी पक्ष झाला. या यशामागे भाईलालभाई पटेल, म्हणजेच भाईकाका, यांचे कष्ट होते. पेशाने इंजिनियर असलेल्या या गृहस्थाने चरोतरच्या रानात वल्लभ विद्यानगर उभे केले आणि म्हातारपणी गावोगाव फिरून पक्ष बांधला. त्यांच्यानंतर गुजरातेत पक्षाची धुरा वाहिली ती एच. एम. पटेल यांनी. ते तर आय. सी. एस. अधिकारी, केंद्र सरकारच्या अर्थखात्याचे माजी सचिव. सरकारी यंत्रणेचे दात आतून मोजलेला माणूस 'सरकारला आवरा' असे सांगत होता.

आपल्या घरांतून त्या काळी बोलले जाई ते असे: 'तो पटेलांचा पक्ष, आपला त्याच्याशी काय संबंध? आपण महाराजांचे.' ही निष्ठा आम्हांला समजते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने जी कुळे दक्षिणेतून येथे आली, त्यांना राजवाड्याकडे पाठ फिरवणे जड जाणारच. पण महाराजांना मत देणे ही निष्ठा झाली. ती राजकीय भूमिका नव्हे. पक्ष कोणाचा आहे असे आपण विचारले, पक्ष काय म्हणतो असे विचारले नाही. ही सवय आपल्यातून अजून गेलेली नाही. आजही उमेदवाराचे आडनाव वाचले की आपली निम्मी चर्चा संपते.

आम्ही राज्य सरकारच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ काढला. सेवेच्या पहिल्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी लेव्ही सिमेंटच्या अर्जांचे टेबल आमच्याकडे होते. तरुण वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल म्हणून सांगतो. न्हाणीघराची भिंत पडली आणि सरकारी भावाने पंधरा गोणी सिमेंट हवे झाले, तर माणसाने अर्ज करायचा. त्याला तलाठ्याचा दाखला, घरपट्टीची पावती आणि कामाचा अंदाज जोडायचा. मग अर्जात त्रुटी निघायची, त्रुटीची पूर्तता व्हायची, आणि परवाना हाती येईपर्यंत पावसाळा येऊन उरलेली भिंतही पडायची. ज्याची ओळख असे त्याची भिंत मात्र उन्हाळ्यातच उभी राही. टेबलामागचा माणूस कितीही सरळ असला तरी उपयोग नसे. त्याच्यासमोर पन्नास अर्ज आणि दहा जणांपुरते सिमेंट असे. उरलेल्या चाळीस जणांना नकार कोणत्या न्यायाने द्यावा, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हते. १९८२ साली सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्णपणे. ते टेबल नाहीसे झाले, आणि माणूस सरळ दुकानात जाऊन गोण्या आणू लागला. सिमेंटचा दुष्काळ कोणी मेहनतीने निवारला नाही. तो निर्माण करणारा कागद तेवढा फाडला गेला.

महाराष्ट्रात याच सिमेंटने केवढे राजकारण घडवले ते स्मरत असेलच. सिमेंटचे वाटप आणि प्रतिष्ठानासाठी घेतलेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडला, आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना पद सोडावे लागले. व्यक्तीचा दोष किती, हा आमचा विषय नाही. गोणीवर परवाना नसता तर परवान्याला किंमतही आली नसती, इतकेच आम्हांला म्हणायचे आहे; आणि नेमके हेच राजाजी वीस वर्षे आधी सांगत होते.

आता आक्षेपांचा विचार करू. संस्थानिक या पक्षात आले हे खरे, आणि त्यांपैकी कित्येकांचा डोळा तनख्यांवर होता हेही खरे. पक्षाने त्यांच्या मतांचा आधार घेतला आणि त्याची किंमत मोजली. १९७१ साली इतर पक्षांशी मोट बांधून लढताना तर आपली एकवीस तत्त्वे कोठल्या कोनाड्यात ठेवली हे नेत्यांनाही आठवत नसावे. त्या निवडणुकीत १९६७ सालच्या चव्वेचाळीस जागांच्या केवळ आठ उरल्या, हे योग्यच झाले. पण एखाद्या मताचे समर्थक स्वार्थी निघाले म्हणून ते मत खोटे ठरत नाही. समाजवादाच्या नावाने ज्यांनी बंगले बांधले त्यांची नावे घेऊ लागलो तर ही पत्रिका पुरणार नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांतून येतो, आणि तो आक्षेप नसून गैरसमजातून आलेला पाठिंबा आहे. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे कूळकायद्याने आपल्यापैकी अनेक घरांच्या इनामी व खातेदारीच्या जमिनी गेल्या. ते दुःख अद्याप काही घरांच्या माजघरात जपून ठेवलेले आहे. मालमत्तेच्या हक्काविषयी आम्ही बोलू लागलो, की ही मंडळी उत्साहाने मान डोलावतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, आमच्या म्हणण्याचा रोख तिकडे नाही. जो वर्षानुवर्षे नांगर धरत होता तो १९५७ च्या कृषकदिनी मालक झाला, तेव्हा देशातल्या मालकांची संख्या वाढली. आणि मालकांची संख्या वाढणे हेच तर स्वतंत्र पक्षाच्या विचाराचे बळ. त्याचा विरोध होता तो कुळाने मालक झाल्यावर त्याची जमीन सहकाराच्या नावाखाली पुन्हा काढून घेण्याला. गमावलेल्या इनामाच्या शोकासाठी ज्यांना पक्ष हवा आहे, त्यांनी दुसरा शोधावा.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. 'सयाजीरावांच्या राज्यात सगळे सरकारनेच केले; मग सरकार आवरा असे बडोदेकराने कोणत्या तोंडाने म्हणावे?' सरकारने काय केले ते पाहावे. १८९२ साली आजव्याचे पाणी शहरात आणले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यात नेले. गावोगाव वाचनालये काढली. पाणी, शाळा, ग्रंथ ही सरकारची कामे, आणि ती सरकारने चोख करावीत याला राजाजींचाही विरोध नसता. व्यापारउदिमासाठी महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन होऊ दिली ती कंपनी म्हणून, भागधारकांच्या मालकीची. तिला खात्याचा विभाग बनवले नाही. तिला सरकारी केले ते १९ जुलै १९६९ रोजी, दिल्लीने, आणखी तेरा बँकांसोबत. त्या राष्ट्रीयीकरणाला न्यायालयात आव्हान देणारे आर. सी. कूपर हे स्वतंत्र पक्षाचेच. त्यांच्या बाजूने पालखीवाला उभे राहिले आणि १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. सरकारने लागलीच नवा वटहुकूम काढला, ही गोष्ट वेगळी. आपल्या महाराजांची बँक राखण्यासाठी कोण लढले आणि आपण कोणासाठी टाळ्या वाजवल्या, हे एकदा आठवून पाहावे.

पक्ष गेला, पण विचार महाराष्ट्रात एका अनपेक्षित ठिकाणी उगवला. टपाल खात्यातली वरिष्ठ नोकरी आणि स्वित्झर्लंडमधील बर्नचा मुक्काम सोडून शरद जोशी यांनी चाकणजवळच्या आंबेठाण येथे कोरडवाहू शेती घेतली, आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य त्याच्या आळसातून आलेले नसून सरकारी धोरणातून येते, असे हिशेबाची वही उघडून सांगितले. चाकणचे कांदा आंदोलन, १९८१ चे निपाणीचे तंबाखू आंदोलन यांतून शेतकरी संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदीची योजना होती तेव्हा तिकडचा शेतकरी बरा भाव मिळावा म्हणून स्वतःचाच कापूस चोरासारखा सीमेपलीकडे नेत असे. गुजरातेतल्या आपल्या जिनिंगवाल्यांना त्याची माहिती कोणी द्यावी लागत नव्हती. १९९४ साली जोशींनी पक्ष काढला, आणि त्याचे नाव ठेवले 'स्वतंत्र भारत पक्ष'. राजाजींचे ऋण त्यांनी नावातच मान्य केले.

ते २००४ ते २०१० राज्यसभेत होते. महिला आरक्षणाचे विधेयक ९ मार्च २०१० रोजी तेथे मताला आले तेव्हा १८६ मते बाजूने आणि एक विरुद्ध पडले. ते एक मत त्यांचे होते. ज्याने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरवले आणि शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे करायला लावला, त्या माणसाला स्त्रीद्वेष्टा म्हणणे कठीण आहे. मतदारसंघ फिरते ठेवण्याची पद्धत त्यांना पटली नव्हती, आणि ते सांगण्यास ते भ्याले नाहीत. आम्ही स्वतः त्या विधेयकाच्या बाजूचे. तरी सभागृहात असा एक माणूस असावा, असे आम्हांला वाटते.

येथे आम्ही वाचकांच्या नावडीची गोष्ट बोलणार आहोत. सिमेंटचे परवाने गेले, पण आपल्या शहरात घर विकण्याचा परवाना आहे. दंगलींच्या काळात घाबरलेल्या माणसाने मिळेल त्या किमतीला घर फुंकून टाकू नये, या हेतूने गुजरातेत प्रथम १९८६ साली आणि मग १९९१ साली कायदा झाला. लोक त्याला अशांत धारा म्हणतात. घोषित भागातल्या कोणत्याही स्थावर मिळकतीचे हस्तांतर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून ग्राह्य नाही. मूळ हेतू सद्भावाचा होता, हे आम्ही सेवेतल्या अनुभवाने सांगू शकतो. परंतु घोषणांची मुदत वाढत गेली, भाग वाढत गेले, आणि बडोद्याचे अनेक विभाग या कक्षेत आले. २०१९ साली विधानसभेने संमत केलेल्या दुरुस्तीने तर व्यवहार राजीखुशीचा आणि वाजवी किमतीचा आहे की नाही एवढेच पाहून थांबायचे नाही, त्याने वस्तीचा तोल बदलेल काय हेही अधिकाऱ्याने पाहावे, असे ठरवले.

आपल्यापैकी पुष्कळांना हा कायदा मनातून आवडतो, हे आम्हांला ठाऊक आहे. शेजारी कोण येईल याची काळजी माणसाला असते. पण याच कायद्याची दुसरी बाजू आपल्याच घरात दिसते. मुले पुण्याला, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात; वाड्यात सत्तरीची दोन माणसे; जिने चढवत नाहीत; गिऱ्हाईक तयार, किंमत ठरलेली, दोन्ही पक्ष एकाच धर्माचे; तरी अर्ज करायचा, जबाब द्यायचा, पोलिसांचा अभिप्राय येईपर्यंत थांबायचे. पुन्हा तेच टेबल, तीच त्रुटी, तीच पूर्तता. फक्त पंधरा गोण्यांच्या जागी आता आजोबांनी बांधलेले घर आहे. शेजाऱ्याला अडवण्यासाठी सरकारच्या हाती दिलेली काठी आपल्याच पाठीत बसते, कारण काठीला आडनाव वाचता येत नाही. दडपणाखाली झालेली विक्री रोखायला पोलीस आणि न्यायालये आहेत. त्यासाठी राजीखुशीने होणाऱ्या प्रत्येक विक्रीवर परवाना बसवण्याचे कारण नाही.

या प्रश्नावर बडोद्यात कोणता पक्ष उघडपणे बोलतो? सत्ताधारी पक्षाने कायदा अधिक कडक केला. १९९१ चा कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री चिमणभाई पटेल होते, म्हणजे मूळ दुसऱ्यांच्या अंगणातले. त्यामुळे विरोधकही मालमत्तेच्या तत्त्वावर बोलत नाहीत. शेतीतही तेच. बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या केंद्र सरकारनेच डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती उठवली. मधल्या पाच महिन्यांचा हिशेब लासलगावच्या शेतकऱ्याने कोणाकडे मागावा? मालमत्तेचा मूलभूत हक्क काढला तोही चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७८ साली, जनता पक्षाच्या राज्यात. आणि त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते ते आपले एच. एम. पटेल. स्वतंत्र पक्षाच्या शोकांतिकेचा हा अंक लिहिताना आमचीही लेखणी अडखळते.

मग नवा स्वतंत्र पक्ष का निघत नाही? कारण १९८९ साली अमलात आलेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमाप्रमाणे नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता यांच्याबरोबर समाजवादावरही निष्ठा जाहीर करावी लागते. ज्याचा समाजवादावर विश्वास नाही, त्याने खोटे लिहून द्यावे किंवा घरी बसावे. सगळे पक्ष सही करतात आणि पुढे जातात. १९९६ साली स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्रातील अनुयायांनी मात्र या अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. शरद जोशींनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून तो शब्द वगळण्याची मागणी केली. काही झाले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनेच्या उद्देशपत्रिकेतला 'समाजवादी' हा शब्द काढण्याच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. तो निकाल आम्ही शिरोधार्य मानतो. राज्य समाजवादी असो. पण नागरिकांच्या प्रत्येक पक्षानेही तशी शपथ का वाहावी, हा प्रश्न उद्देशपत्रिकेहून निराळा आहे आणि तो निवळ संसदेच्या एका साध्या दुरुस्तीचा आहे. त्यात १९८५ च्या पक्षांतरबंदीने भर घातली: पक्षादेश मोडला की सदस्यत्व जाते. राजाजी आणि मसानी यांनी परस्परविरुद्ध मते देऊनही एका पक्षात राहावे, हे आज पक्षाच्या इच्छेवर सोडलेले आहे. आणि अशी इच्छा कोणत्या पक्षाला होते?

म्हणून आमचा आग्रह असा. आपल्यापैकी ज्यांना पक्ष हवा त्यांनी तो भाषा किंवा आडनाव पाहून निवडू नये. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाला संख्येचे राजकारण परवडणारे नाही, आणि सरकारचे अधिकार मर्यादित ठेवणारा विचारच अल्पसंख्यांचे खरे संरक्षण करतो. स्वतंत्र पक्षाचा तारा मतपत्रिकेवर नाही, म्हणून त्याच्या मागण्याही नाहीत असे समजण्याचे कारण नाही. २९ अ मधला तो एक शब्द काढण्यास आपण पाठिंबा द्याल काय, आणि अशांत भागांच्या घोषणांना अंतिम मुदत घालाल काय, हे आपल्या खासदाराला आणि आमदाराला पत्राने विचारता येते. त्यासाठी अद्याप कोणाची पूर्वमंजुरी लागत नाही. पत्र गुजरातीत लिहावे, म्हणजे त्यांच्या सचिवाला भाषांतराचे निमित्त मिळणार नाही.